हृदयाच्या व्यायामात पालट का हवा?



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, शेती आणि पाणी अशा विषयांची परंपरा असताना 'जिममधला व्यायाम' हा विषय आम्ही का निवडला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. विषय वरवर पाहता हलका आहे खरा. परंतु तो आम्हाला एका इस्पितळाच्या बाकावर बसलेले असताना सुचला, आणि त्या बाकावर सुचलेल्या विषयाला हलका म्हणण्याची आमची छाती होत नाही.

आमचे एक स्नेही धाराशिवात कापडाचे दुकान चालवतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ते आम्हाला सर म्हणतात. वय चोपन्न. सकाळी नऊ ते रात्री नऊ गादीवर बैठक, मध्ये दोन-तीन वेळा चहा, आणि चालणे म्हणावे तर गादीपासून गल्ल्यापर्यंत. डॉक्टरांनी त्यांना साखर आणि रक्तदाब या दोन्हींची सूचना दिली, आम्हालाही रक्तदाबाची दिली, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून जानेवारीत एका जिममध्ये नाव घातले. रोज सकाळी सहाला जायचे, ट्रेडमिलच्या पट्ट्यावर ताशी पाच किलोमीटरचा वेग लावायचा, चाळीस मिनिटे चालायचे, घाम पुसायचा आणि घरी परतायचे, हा आमचा क्रम ठरला. पहिल्या महिन्यात वजन उतरले, जिना चढताना लागणारी धाप कमी झाली. दुसऱ्या महिन्यात काटा जागचा हलेना. तिसऱ्या महिन्यात पाय पट्ट्यावर आणि डोळे भिंतीवरच्या घड्याळावर अशी अवस्था झाली. रामनवमीच्या सुमारास अण्णांनी येणे बंद केले. "सर, घाण्याच्या बैलाच्या फिरण्यातून निदान तेल तरी निघते, आपल्या फिरण्यातून काय निघते?" असे ते म्हणाले. त्यांच्यामागून आठवडाभरात आम्हीही सुटलो.

आषाढात अण्णांच्या छातीत दुकानातच कळ आली. सोलापूरला नेले, वेळेवर उपचार झाले, स्टेंट घातला आणि ते वाचले. व्यायाम सोडल्यामुळेच हे झाले असे म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. हृदयविकाराला वय, आनुवंशिकता, तंबाखू, साखर अशी अनेक कारणे असतात. परंतु घरी पाठवताना डॉक्टरांनी जेव्हा सांगितले की प्रकृती सुधारली की पुन्हा नियमाने चालावे लागेल, आणि तेही जन्मभर, तेव्हा अण्णांनी आमच्याकडे पाहून विचारले, "म्हणजे पुन्हा तोच पट्टा का, सर?" त्या प्रश्नाला त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढे वाचून, जाणकारांना विचारून आणि स्वतः करून पाहून जे उत्तर हाती आले, ते आज आपणापुढे ठेवावयाचे आहे.

प्रथम त्या पट्ट्याचीच थोडी हकीकत सांगतो. ट्रेडमिल हे यंत्र आज आरोग्याचे साधन झाले असले तरी त्याचा पूर्वज तुरुंगात जन्मला. इंग्लंडमधील अभियंता विल्यम क्युबिट याने १८१८ मध्ये कैद्यांसाठी पायऱ्यांचे एक प्रचंड चाक तयार केले. कैद्यांनी त्याच्या फळ्यांवर तासन् तास चढत राहावयाचे, चाक फिरत राहावयाचे, आणि कैदी मात्र जागच्या जागी. त्या काळच्या तुरुंगाधिकाऱ्यांच्याही ध्यानात आले होते की या शिक्षेचा खरा धाक श्रमापेक्षा तिच्या एकसुरीपणात आहे. १८९८ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये ही शिक्षा बंद झाली. तेव्हा आपल्यापैकी कोणास पट्ट्यावर वीस मिनिटांत कंटाळा येत असेल, तर त्याने स्वतःला आळशी म्हणवून घेऊ नये. एकसुरी श्रमाचा कंटाळा हा मनुष्यस्वभाव आहे. दोष यंत्राचाही नाही. आपण ते यंत्र ज्या रीतीने वापरतो, तिच्यात तो आहे.

परंतु केवळ मनाला कंटाळा येतो म्हणून पालट हवा, एवढेच आमचे म्हणणे असते तर हे व्याख्यान करमणुकीवर झाले असते. आमचे म्हणणे असे की पालट शरीरालाही हवा असतो, आणि त्याचे कारण हृदयाच्या व स्नायूंच्या कार्यपद्धतीतच आहे.

आपले हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण सत्तर वेळा आकुंचन पावते आणि प्रत्येक वेळी सुमारे सत्तर मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. म्हणजे मिनिटाला सुमारे पाच लिटर, पाण्याची लहान कळशी भरेल इतके. कसलेल्या धावपटूचे हृदय ऐन श्रमात मिनिटाला तीस लिटरांच्याही पुढे रक्त पोहोचवू शकते. ही शक्ती काही अंशी जन्मजात असते, पण पुष्कळ अंशी कमावलेली असते. नियमित श्रमाने हृदयाचा डावा कप्पा एका आकुंचनात अधिक रक्त पाठवू लागतो, स्नायूंमध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि पेशींमध्ये प्राणवायूचा उपयोग करून घेणारी यंत्रणा वाढते. म्हणूनच महिनाभरात आमची धाप कमी झाली.

पण शरीर मोठे हिशेबी आहे. जेवढे काम पडते तेवढीच ताकद ते उभारते, त्याहून अधिक उभारण्याचा खर्च करीत नाही. ताशी पाच किलोमीटरने चाळीस मिनिटे चालण्यास जेवढी क्षमता लागते तेवढी आली की त्याचे काम संपले. पुढे वर्षभर तोच वेग ठेवला तर कमावलेले टिकते, ही लहान गोष्ट नव्हे, पण त्यात भर पडत नाही. पोराने दुसरीचे पुस्तक पाठ केल्यावर तेच पुस्तक वर्षभर वाचावे आणि आपण तिसरीत का जात नाही म्हणून खंत करावी, तसे आमचे झाले होते.

याउलट काम काढून घेतले तर शरीर ताकद केवढ्या त्वरेने मोडीत काढते, याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ मध्ये विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लावले आणि त्यांची श्रमशक्ती मोजली. तीस वर्षांनी, ते पन्नाशीत आले असता, त्याच पाच जणांची पुन्हा मोजणी झाली. तेव्हा असे दिसले की तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांची जेवढी शक्ती घटली, त्याहून अधिक ती तरुणपणी तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने घटली होती. बसून राहणे हे म्हातारपणापेक्षा वेगाने काम करते, हा त्याचा अर्थ.

या बाबतीतला दुसरा दाखला आपल्या एसटीच्या लाल गाडीत बसल्यावर हटकून आठवावा असा आहे. जेरी मॉरिस नावाच्या संशोधकाने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना करून १९५३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोघे एकाच गाडीवर, एकाच धुरात आणि एकाच गर्दीत काम करणारे. पण चालक दिवसभर बसलेला, आणि वाहक तिकिटे देत दिवसभर जिना चढउतार करणारा. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत पुष्कळ कमी आढळले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या वाहकाचे श्रम एकसारखे नव्हते. तो कधी उभा राही, कधी झपाट्याने जिना चढे, कधी रेंगाळत खाली येई. त्याच्या दिवसाला चढउतार होते.

हा चढउतार हाच आजच्या विषयाचा गाभा आहे. चालण्याच्या अथवा धावण्याच्या वेगात मुद्दाम चढउतार करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत जर्मनीत १९३० च्या दशकात वोल्डेमार गेर्शलर हे प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल हे हृदयतज्ज्ञ यांनी घडवली. थोडा वेळ जोराने धावावे, नाडी खाली येईपर्यंत सावकाश चालावे, पुन्हा जोराने धावावे, असा तिचा क्रम. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये ८०० मीटरचे अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत तोडून विश्वविक्रम केला. पुढे चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने या पद्धतीची पराकाष्ठा केली. ४०० मीटरची फेरी तो सरावात कधी चाळीस वेळा मारी, आणि दर दोन फेऱ्यांमध्ये हळू पळे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५००० मीटर, १०००० मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या. त्याच हेलसिंकीत आपल्या कऱ्हाडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, हे महाराष्ट्रात कोणास सांगावयास नको. स्वीडनमध्ये त्याच सुमारास गोस्टा होल्मेर यांनी रानावनातून, चढउतारावरून, मनास येईल तसा वेग बदलत धावण्याची रीत रूढ केली. तिला त्यांच्या भाषेत जे नाव आहे त्याचा अर्थच 'वेगाचा खेळ' असा होतो.

हे सारे परदेशचे, आमचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. तर आम्ही त्यास आश्विनातील तुळजापूरच्या रस्त्यावर उभे करू. घटस्थापनेच्या तोंडावर गावोगावची तरुण मंडळे आई भवानीच्या दारी ज्योत पेटवून घेतात आणि ती धावत आपल्या गावी नेतात. एक जण ज्योत घेऊन अनवाणी धावतो, बाकीचे मागून गाडीत येतात. त्याला दम लागला की दुसरा ज्योत हाती घेतो, पहिला गाडीत बसून श्वास सावरतो, आणि पुन्हा त्याची पाळी येते. जोर, विसावा, पुन्हा जोर. एका दमात जे अंतर कोणालाच धावता आले नसते, ते वाटून घेतल्यामुळे सर्वांना धावता येते. जर्मनीतील प्रयोगशाळेत जे तत्त्व नाडी मोजून सिद्ध केले, तेच आमच्या पोरांच्या पायांत परंपरेने आहे. फरक एवढाच की आमची पोरे ते वर्षातून एकदा करतात.

आणि वर्षभर करणारीही याच जिल्ह्यात आहेत. खो-खोचे मैदान आठवा. सत्तावीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद. आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले, नववा पाठलागावर. 'खो' मिळाला की बसलेला गडी उसळतो, चार-दोन ढांगा वाऱ्यासारखा पळतो, दुसऱ्याला खो देतो आणि लगेच बसतो. पळणारा साखळीतून नागमोडी निघतो, खांबाशी हुलकावणी देतो, क्षणभर चाल मंदावून दम घेतो, पुन्हा उसळतो. पारंपरिक खेळात नऊ मिनिटांची एक पाळी. या नऊ मिनिटांत वेग बदलतो, दिशा बदलते, बसणे, उठणे, वाकणे, वळणे सारे होते, आणि कोणी घड्याळाकडे पाहात नाही. या खेळाने धाराशिवचे नाव देशभर नेले आहे. आपल्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तीत भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ विजयी झाले. ज्या गावच्या मैदानावर इतकी विद्या आहे, त्या गावच्या प्रौढांनी पट्ट्यावर एकाच वेगाने चालत कंटाळून घरी बसावे, ही आम्हास खेदाची गोष्ट वाटते.

आता चोपन्न वर्षांच्या अण्णांनी खो-खो खेळावा असे आम्ही सांगणार आहोत की काय, अशी शंका आपणास आली असेल. तसे नाही. त्या मैदानाचे शहाणपण जिमच्या चार भिंतींत कसे आणावे, एवढाच आमचा प्रश्न आहे. आमच्या समजुतीप्रमाणे पालटाचे तीन प्रकार आहेत.

पहिला पालट श्रमाच्या पातळीचा. तोच पट्टा, तेच पाय, पण वेग अथवा चढ बदलावयाचा. पाच मिनिटे सावकाश चालून अंग तापवावे. मग एक मिनिट झपाट्याने, दोन मिनिटे हळू, असे सहा वेळा करावे आणि शेवटची पाच मिनिटे पुन्हा सावकाश चालावे. अठ्ठावीस मिनिटांत काम होते. ज्यांचे गुडघे वेग सोसत नाहीत त्यांनी चढ वाढवावा. ताशी पाच किलोमीटरच्या वेगालाच यंत्राचा चढ पाच टक्के केला तर सपाटीच्या मानाने प्राणवायूचा खप दीडपटीहून अधिक होतो. मात्र समोरचा दांडा घट्ट धरून चढ चढू नये. दांड्यावर भार टाकला की यंत्र चढते आणि आपण लोंबकळतो. भार पेलवत नसेल तर दांडा धरण्याऐवजी चढ कमी करावा.

दुसरा पालट हालचालीचा. पट्ट्यावर मनुष्य नाकासमोर चालतो. त्याचे हात, खांदे, पाठ जवळजवळ रिकामी असतात आणि तेच सांधे तोच भार रोज सोसतात. सायकलवर शरीराचा भार बैठकीवर जातो, गुडघ्यांना आराम मिळतो, मांड्यांना काम मिळते. वल्हवण्याच्या यंत्रावर पाय, पाठ आणि हात तिन्ही राबतात. जेवढे अधिक स्नायू एका वेळी राबतील तेवढे हृदयाला अधिक रक्त पुरवावे लागते. म्हणून यंत्रे बदलण्यात दुहेरी लाभ आहे. हृदयाला निरनिराळ्या मागण्या होतात आणि एकाच सांध्यावर झीज साठत नाही. आमच्या जुन्या तालमीत हे तत्त्व होतेच. कोणी पहिलवान नुसते दंड काढून थांबत नसे. दंड, बैठका, जोर, मुद्गल फिरवणे, मल्लखांब, मातीतली झोंबी, असा क्रम असे आणि प्रत्येक अंगाची पाळी येई. लेझीम हा तर हृदयाचा उत्तम व्यायाम. हलगीची लय संथ असता पावले संथ, लय चढली की उड्या, पुन्हा संथ. हात, कंबर, पाय आणि श्वास एकत्र चालतात. ज्या माताभगिनींना जिमची वेळ अथवा जिमचा संकोच आडवा येतो, त्यांनी पंचमीचे फेर आणि फुगड्या आठवाव्यात. चार फुगड्यांनी जो दम लागतो तो पट्ट्यावर दहा मिनिटे चालूनही लागत नाही.

तिसरा पालट जागेचा आणि सोबतीचा. आठवड्यातून एक दिवस यंत्र सोडून उघड्यावर जावे. बालाघाटाच्या रांगेत राहणाऱ्यास चढाची काय वाण? हातलाईचा डोंगर आहे, धाराशिवच्या लेण्यांकडे जाणारी वाट आहे, नळदुर्गच्या किल्ल्यात उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या आहेत. तुळजापूरला तर देवीकडे जाताना पायऱ्या उतरावयाच्या आणि परतताना चढावयाच्या. हा क्रम अंग तापल्यावर श्रम करावे या नियमाला धरूनच आहे. सोबत नातवंडे असतील तर अधिक चांगले. मुले कधीच एका वेगाने चालत नाहीत. ती धावतात, थांबतात, पुन्हा धावतात. त्यांच्यामागे चालणाऱ्यास वेगळे वेळापत्रक लागत नाही.

आता हे सर्व एका आठवड्यात कसे बसते ते सांगतो, कारण नुसते तत्त्व ऐकून घरी गेले की मनुष्य सकाळी पुन्हा त्याच पट्ट्यावर चढतो. सोमवारी पट्ट्यावर एका संथ वेगाने पस्तीस मिनिटे. मंगळवारी सायकलवर वर सांगितलेला जोर-विसाव्याचा अठ्ठावीस मिनिटांचा क्रम. बुधवारी हृदयाच्या यंत्रांना सुट्टी आणि स्नायूंचे काम, बैठका, भिंतीला हात टेकून जोर, हलकी वजने. गुरुवारी पट्ट्यावर तीन ते पाच टक्के चढ देऊन हळू वेगाने पंचवीस मिनिटे. शुक्रवारी तीन यंत्रांवर दहा-दहा मिनिटे. शनिवारी पुन्हा स्नायूंचे काम आणि शेवटी दहा मिनिटे लेझीम. रविवारी तासभर डोंगर. बेरीज केली तर हृदयाच्या व्यायामाची तीन तासांहून थोडी अधिक वेळ भरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाचा, अथवा पंचाहत्तर ते दीडशे मिनिटे जोराचा व्यायाम, आणि दोन दिवस स्नायूंचे काम सांगितले आहे. आपला आठवडा त्यात बरोबर बसतो.

मध्यम श्रम कोणते आणि जोराचे कोणते, हे ओळखण्यास यंत्र लागत नाही. चालता चालता बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ते मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, ते जोराचे. नाडीचा हिशेब हवाच असेल तर २२० मधून आपले वय वजा करावे. ती नाडीची ढोबळ कमाल मर्यादा. पन्नाशीच्या माणसाची १७०. मध्यम श्रमात त्याची नाडी साधारण ११० ते १३० च्या दरम्यान असावी. परंतु हा सरासरीचा आकडा आहे, दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. शिवाय रक्तदाबाची काही औषधे नाडीच मंद ठेवतात. ती घेणाऱ्याने आकड्यावर न विसंबता बोलण्याच्या कसोटीवर चालावे.

येथे सावधगिरीचे चार शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. ज्यांना हृदयाचा विकार, साखर वा रक्तदाब आहे, किंवा जे वर्षानुवर्षे बसून आहेत, त्यांनी जोराचा क्रम डॉक्टरांना विचारल्याखेरीज सुरू करू नये. साखरेचे औषध अथवा इन्शुलिन घेणाऱ्याने खिशात गुळाचा खडा वा साखर ठेवावी. छातीत दाब, डाव्या हातात वा जबड्यात कळ, घेरी, नेहमीहून निराळी धाप, यांपैकी काही झाल्यास त्या क्षणी थांबावे आणि दवाखाना गाठावा. 'एवढी फेरी पुरी करतो' म्हणू नये. चैत्र-वैशाखात आमच्याकडे ऊन चाळिशीच्या पार जाते, तेव्हा बाहेरचा व्यायाम सूर्य वर येण्याआधी संपवावा. आणि वेळ, वेग व चढ या तिन्हींपैकी एका आठवड्यात एकच वाढवावे. तरुणांनी मोबाईलवर पाहून वीस सेकंद जीव तोडून पळणे आणि दहा सेकंद थांबणे असे प्रकार पहिल्याच आठवड्यात करू नयेत. जपानी संशोधक ताबाता यांच्या १९९६ च्या ज्या प्रयोगामुळे ही रीत गाजली, तो व्यायामाला सरावलेल्या तरुणांवरचा होता.

एक आक्षेप राहतो, आणि तो महत्त्वाचा आहे. रोज नवे करण्याच्या नादात मनुष्य काहीच धड करीत नाही, असे जाणते लोक म्हणतात. ते खरे आहे. जोर-विसाव्याच्या पद्धतीचेही असेच झाले. नॉर्वेतील ट्रोंडहाइम येथे २००७ मध्ये हृदयाच्या रुग्णांच्या एका लहान गटावर, देखरेखीखाली, चार मिनिटे जोर आणि तीन मिनिटे विसावा असा प्रयोग झाला, आणि संथ चालण्याहून त्यात कितीतरी अधिक लाभ दिसला. सर्वत्र तिचा बोलबाला झाला. पुढे अनेक इस्पितळांनी मिळून मोठा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तेवढा फरक आढळला नाही. म्हणजे पालट ही जादू नव्हे. मूळ औषध सातत्य हेच. पालट हा त्या औषधाचा अनुपान आहे, ज्याच्यामुळे औषध वर्षानुवर्षे घशाखाली उतरते.

म्हणून आम्ही एक साधा नियम सुचवतो. वेळ बदलू नये, काम बदलावे. सकाळी सहा म्हणजे सहा. त्या तासाला घरातून बाहेर पडणे हे दात घासण्याइतके ठरलेले असावे. बाहेर पडल्यावर काय करावयाचे, ते मात्र वारानुसार निराळे. शेतकरी नाही का, रान तेच ठेवतो आणि पीक पालटतो. दरवर्षी तेच पीक घेतले तर जमीन थकते, आणि दर महिन्याला पीक उपटून नवे पेरले तर हाती काहीच लागत नाही. आखलेला क्रम आठ-दहा आठवडे नेटाने चालवावा, मग त्यातील एखादा दिवस बदलावा. चौथ्या आठवड्यास श्रम थोडे हलके ठेवावेत, म्हणजे अंगाला साठवण करण्यास सवड मिळते.

अण्णांचे पुढे काय झाले, हे विचारल्याखेरीज आपण उठणार नाही. पहिले तीन महिने ते डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घराच्या गच्चीवर आणि मग गल्लीत सपाट चालले, वेग नाही, चढ नाही. त्यानंतर परवानगी मिळाली तेव्हा आम्ही दोघे पुन्हा त्याच जिममध्ये गेलो. दुकानातल्या कॅलेंडरवर ते आता प्रत्येक तारखेच्या चौकोनात एक अक्षर लिहितात. प म्हणजे पट्टा, सा म्हणजे सायकल, डों म्हणजे डोंगर. कोरे चौकोन नाहीत असे नाही. लग्नसराईत सलग चार कोरे दिसले, तेव्हा आम्ही बोललो नाही, पाचव्या दिवशी सहाला त्यांच्या दारात जाऊन उभे राहिलो. गेल्या रविवारी हातलाईच्या अर्ध्या वाटेवर ते थांबले. आमच्या काळजात धस्स झाले. "काय होते, अण्णा?" असे विचारले, तर म्हणाले, "काही नाही, सर. विसावा. पुढचा चढ जोराचा आहे."